चित्रातली करंगळी

आमच्या दामोदरला लहानपणापासून एक घाण खोड आहे. समोरचं माणूस रडायला लागलं की हा त्याच्याकडं टक लावून बघत बसतो. पाणी देणार नाही, पाठीवर हात ठेवणार नाही, लाज वाटून उठून बाहेरही जाणार नाही. बिळाच्या तोंडाशी मांजर बसतं तसा बसून राहतो. माझी सून त्याच्यासमोर रडत नाही, त्याला आता तीस वर्षं होतील. डोळ्यांत पाणी आलं की ती भिंतीकडं तोंड करते आणि फळीवरचे डबे पुसायला लागते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, बाई काय टापटिपीची आहे.

आमचे मालक गेले तेव्हा दामू नऊ वर्षांचा होता. घर माणसांनी भरलेलं, मी कपाळ बडवून घेत होते आणि हा कुठं दिसेना. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्या काढायला गेले, तर एका फळीवर आतल्या बाजूनं कोळशानं ह्यांचं तोंड काढलेलं. जबडा उतरलेला, नाकात कापूस, एक डोळा अर्धा उघडा. सख्ख्या बापाचं! मी त्याला तिथंच बडवला. शेजारचे तांबट मामा धावत आले, म्हणाले, "वहिनी, पोराला कशाला मारताय? अहो, हुबेहूब हाय!"

हुबेहूब होतं म्हणूनच मारला. पण फळी काही मी पुसली नाही. ह्यांचा घरात एकही फोटो नाही. ती फळी आहे.

मी कासारीण. कोल्हापुरात देवळामागच्या गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान. पुढं दुकान, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्यामागं घर. शाळा दुसरीपर्यंत झाली, पुढं हातात बांगड्यांची माळ आली. बाईचं तोंड मी बघत नाही. तोंड पावडर लावून येतं, उसनं हसून येतं. हात बिचारा जसा आहे तसा येतो. धरला की कळतं, धुणं कोण धुतं, भाकरी कोण थापतं, घरात कुणाचा धाक आहे. एकदा भरलेला हात मी विसरत नाही. गल्लीतल्या बायका गंमत म्हणून माझे डोळे पदरानं बांधायच्या आणि एकेक हात पुढं करायच्या. "ही कुणाची सून, अक्का?" मी सांगायची. एकदाही चुकले नाही. आख्ख्या पेठेला हे ठाऊक होतं आणि मला त्याचा ताठा होता. तो होता हे आधीच सांगून टाकते.

एकाहत्तर साल असेल. दामू मुंबईला चित्रकलेच्या शाळेत पाच वर्षं काढून परत आला होता. रंकाळ्याजवळ त्यानं एक खोली घेतली होती, तिथं दिवसभर रंग कालवायचा. नवी तऱ्हा शिकून आला होता. एकदा मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर भिंतीला एक बाई टेकवून ठेवलेली. तोंडाची दोन फाकं, एक डोळा कानापाशी, नाक भलतीकडंच.

"ही कोण रे?"

"बाई आहे, अक्का."

"काय झालंय तिला?"

"काही झालं नाही. मी तिला चारी बाजूंनी एकदम बघतोय."

"एवढंच असेल तर चिरून ठेवायची होतीस, भोपळ्यासारखी."

तो हसला. माझ्या बोलण्याला तो नेहमी हसायचा. जीभ त्यानं माझीच घेतली आहे.

गौरी-गणपती आठ दिवसांवर आले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. दुपारी ती जरा पांगली आणि एक पोरगी पाटावर येऊन बसली. तेवीस-चोवीसची, सावळी, साधं सुती पातळ. पदराखालून डावा हात काढून माझ्यापुढं धरला.

"अक्का, एक बांगडी वाढवलीय. भरून द्याल?"

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. पोरगी रीतीची होती. मी हात धरला. सव्वादोनच्या मापाचा हात. मनगटाचं हाड वर आलेलं, बोटं लांब, आणि करंगळी टोकाला आत वळलेली, विळ्यासारखी.

"करंगळीला काय झालं गं?"

"लहानपणी दारात सापडली. आईनं हळद बांधली, तशीच वाकडी बसली."

"आई काय करते?"

"पत्रावळ्या लावते. आम्ही गुरव. मी बालवाडीत शिकवते. शालन माझं नाव."

हातात हिरवा चुडा होता. उजव्यात दहा, डाव्यात अकराच्या ठिकाणी आता दहा. गळा बघितला तर मोकळा.

"गळ्यात काही नाही आणि हातात चुडा? लग्न कधी आहे?"

"व्हायचंय."

"चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी भरतात, बाई. हा चांगला चार महिन्यांचा जुना दिसतोय. कडा मळल्यात."

तिनं पदर पुढं ओढला. मी काच उजेडात धरली आणि माझा हात थांबला. ती पोपटी झाक त्या वर्षी गावात फक्त माझ्याकडं होती. आणि भरला होता कसा, तर मनगटावर घट्ट, फिरवली तर फिरेल पण साबण लावूनही निघायची नाही. असं भरायला गावात दोन माणसांना यायचं. एक मी. दुसऱ्याला मीच शिकवलं होतं.

"कुणी भरला?"

"तुमच्याच घरातनं भरलाय, अक्का."

"दामूनं?"

तिनं मान डोलावली. मग एकदम बोलायला लागली, बांध फुटल्यासारखी. "ते म्हणाले, कासारानं हिरवा चुडा भरला, आता राहिलं काय? मी त्यांच्या चित्रासाठी बसते, उन्हाळ्यापासून. लग्नाला फक्त तुमचा होकार पाहिजे. पण तुम्ही नाही म्हणताय. त्यांनी दोनदा विचारलं, तर तुम्ही ताट फेकून दिलंत म्हणे. म्हणून म्हटलं, एकदा आपणच जाऊन... मी सगळं शिकीन, अक्का. तुमची रीत, दुकान, सगळं."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. ताट तर मी जन्मात फेकलेलं नाही, अन्न आहे ते. पण माझा मुलगा खोटं बोलतो हे परक्या पोरीसमोर कबूल करायचं? मी गुमान अकरावी बांगडी काढली, तिची बोटं जुळवली, अंगठा आत दाबला आणि तिला कळायच्या आत भरली.

"चित्र झालंय पुरं," ती म्हणाली. "रविवारी प्रदर्शनात लागणार आहे. ती मीच आहे. तोंडावरनं कुणाला ओळखू येणार नाही, घाबरू नको, असं ते म्हणाले. पण तुम्हाला येईल ओळखू."

"बघू."

बांगड्या भरून झाल्या की गिऱ्हाईक कासाराला नमस्कार करतं. एकदा वाकायचं, अशी रीत आहे. शालननं तीनदा वाकून केला. तीनदा सून करते.

त्या दिवशी जेवायला वाढताना मी विचारलं, "मी ताट कधी फेकलं रे?"

दामू दचकला नाही की काही नाही. भाकरी मोडत म्हणाला, "शालन आली होती वाटतं."

"आली होती. तीनदा पाया पडून गेली."

"तिला काहीतरी सांगायला पाहिजे होतं, अक्का. तुझं नाव सांगितलं की पुढं कोण बोलत नाही."

"आणि चुडा?"

"चित्रासाठी. हिरव्या काचेची कातडीवर सावली कशी पडते ते बघायचं होतं. रोज भरून रोज काढता येत नाही, तूच घट्ट भरायला शिकवलंस."

"तिला वाटतंय लग्न झालं."

"कासार आख्ख्या गावाच्या बायकांना चुडा भरतो," तो म्हणाला. "सगळ्यांशी लग्न करतो काय?"

खरं सांगते, मला हसू आलं. कुणा दुसऱ्याच्या पोरीची गोष्ट असती तर हे उत्तर मीच दिलं असतं.

शिवाय माझ्या मनात दुसरंच शिजत होतं. पुण्याचे वडनेरे शेठ, आमच्याच समाजातले, तांब्यापितळेच्या भांड्यांचे मोठे व्यापारी. एकुलती मुलगी, कांचन. दामूचं नाव पेपरात वाचून त्यांनीच निरोप धाडला होता. जावई चित्रकार चालेल, उलट त्याला पुढं शिकायला पॅरिसला पाठवू. रविवारी प्रदर्शन बघायला म्हणून मुलीला घेऊन येणार होते. बघणं ते, दुसरं काय! बांगड्यांच्या दुकानात कोळशानं फळ्या काळ्या करणारं पोर परदेशात जाणार, हे मी मनात शंभर वेळा बोलून बघितलं होतं.

"मग त्या पोरीला आधी सांगून मोकळा हो," मी म्हणाले. "रविवारी तमाशा नको."

"रविवार होऊ दे. मग सांगतो."

"आत्ता का नाही?"

त्यानं जरा विचार केला. "आत्ता सांगितलं तर घरी रडून येईल. मला ते दिसायचं नाही."

मला वाटलं, पोरगा हळवा आहे, तिचं रडं बघवत नसेल त्याला. आई होते ना. पोटच्याचा अर्थ नेहमी चांगलाच लावते बाई.

रविवारी पाच वाजता प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेले. पंखे, खुर्च्या, झेंडूच्या माळा, गावातले डॉक्टर-वकील. समोरच्या भिंतीवर मधोमध शालनचं चित्र, खाली पाटी: वधू. तोंड म्हणाल तर फुटलेल्या घागरीच्या खापऱ्या कुणीतरी घाईनं चुकीच्या जुळवलेल्या. ओठ निळे. गळा कुठला, खांदा कुठला, काही मेळ नाही. पण मांडीवर एक डावा हात ठेवलेला होता. अकरा हिरव्या बांगड्या, मनगटाचं वर आलेलं हाड, काचेखाली कातडीवर पडलेला वळ, आणि टोकाला आत वळलेली करंगळी. तो हात भिंतीवर नव्हताच. पुढं होऊन धरावा असा होता.

दामूजवळ जाऊन मी हळूच म्हटलं, "तोंडाची वाट लावलीस, हात का सोडलास?"

"हात बघून कळलाच नीट. तोंड शोधावं लागतं."

माझी छाती फुगली. हात बघायला माझ्याकडनंच शिकला, असं वाटलं मला. बघा, कुठल्या वेळी काय वाटावं माणसाला!

वडनेरे शेठ आले. जाडजूड, हसरे, करवतकाठी धोतर, कोट. मागं कांचन, गोरी, खाली मान, हातात सोन्याच्या पाटल्या. शेठनी चित्रापुढं उभं राहून मान डावीकडं केली, उजवीकडं केली.

"आमच्यासारख्या भांडी विकणाऱ्याला काय कळायचं यातलं! पण काय हो दामोदरपंत, ही वधू कोण?"

"कोणी नाही," दामू म्हणाला. "कल्पना आहे."

"कल्पना नाही. मी आहे."

शालन कधी येऊन मागं उभी होती कुणाला कळलं नव्हतं. धुवट पातळ, केसांत अबोली, दोन्ही हात पदराखाली. शेठचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले. "ही कोण?"

"बालवाडीत असते," दामू म्हणाला. "ओळखीची आहे."

"ओळखीची?" शालन त्याच्याकडं बघून म्हणाली. मग शेठकडं वळली. "माझं मी सांगून कोण ऐकणार, शेठ? अक्कांना विचारा. आख्खी पेठ म्हणते, अक्का हात चुकत नाहीत. त्या म्हणतील ते खरं."

"हो हो, ऐकलंय आम्ही पुण्यापर्यंत!" शेठना त्यातही गंमत सापडली. निदान त्यांनी तसं दाखवलं. "बघा हो विहीणबाई. हा हात आणि तो हात."

विहीणबाई म्हणाले मला. चारचौघांत, पहिल्यांदा.

शालननं पदराखालून डावा हात काढला आणि चित्रातल्या हाताशेजारी धरला. दोन करंगळ्या शेजारी शेजारी वळलेल्या. आंधळ्यालाही कळलं असतं. मी पुढं झाले, तिचा हात हातात घेतला, चाचपल्यासारखं केलं. चाचपायची काय गरज होती? चार दिवसांपूर्वी मीच अकरावी बांगडी भरली होती. तिनं माझं बोट आतल्या आत घट्ट धरलं, बाजारात लहान पोर आईचं धरतं तसं.

"सांगा ना, अक्का."

मी कांचनच्या पाटल्यांकडं बघितलं. मग माझ्या पोराकडं. आणि म्हणाले, "हा हात माझ्या हाताखालनं कधी गेलेला नाही."

तिची पकड सुटली नाही. तिला ऐकूच गेलं नसावं.

"पण अक्का, करंगळी?" मागून कुणीतरी वकील म्हणाला.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ! लोक ऐकतायत म्हटल्यावर ती थांबत नाही. "करंगळीचं काय घेऊन बसलाय, वकीलसाहेब? ज्यानं बाईचं तोंड एवढं वाकडं काढलं, त्यानं करंगळी तेवढी सरळ काढायची? आज ही आली, म्हणाली करंगळी माझी. उद्या कुणाची तरी म्हैस येईल, म्हणेल तोंड माझं."

हॉल हसला. शेठ तर पोट धरून हसले, डोळ्यांतलं पाणी रुमालानं टिपलं. एक कांचन हसली नाही. ती चित्रातल्या हाताकडं बघत होती.

शालननं माझं बोट सोडलं. तिनं दामूकडं बघितलं. मीही बघितलं, की आता तरी पोरगा मान खाली घालेल. मान खाली नव्हती. तो एक पाऊल पुढं आला होता, डोकं जरा कलतं केलं होतं आणि तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. तिचा ओठ थरथरायला लागला, तसे त्याचे डोळे बारीक झाले. तिनं पदर तोंडावर घेतला आणि निघून गेली.

जाताना शेठ म्हणाले, "दसऱ्याला बोलणी करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून पाणी शिंपडत होते, तर ही दारात. केस ओले, डोळे कोरडे. पाटावर बसली आणि दोन्ही हात पुढं केले.

"वाढवा."

"काय?"

"चुडा. सगळा वाढवा."

"आम्ही भरतो, बाई," मी म्हणाले. "जुनी वाढवतो ती नवी भरायला. कासाराच्या पाटावरून मोकळ्या हातानं कुणी उठत नाही. घरी जा, तेल लाव, काय करायचं ते कर."

"काल तुम्ही म्हणालात, हा हात तुमच्या हाताखालनं गेला नाही. म्हणजे चुडा परक्या कासाराचा. परक्याचा वाढवायला तुम्हाला कसली रीत आडवी येते?"

मी फडकं पाण्यात बुडवलं.

"घरी आईसमोर मला फोडता येणार नाहीत," ती म्हणाली. "ती विचारेल, कोण मेलं."

मी ओलं फडकं पिळून घेतलं. बांगडी फडक्यात धरायची, दोन्ही चिमटींत दाबायची, कट् असा आवाज येतो. सवयीच्या हाताला जड नाही ते. उजव्या हाताच्या दहा झाल्या. ती मोजत असावी, ओठ हलत होते. डाव्या हाताच्या काढायला लागले. घट्ट भरल्या होत्या, दामूनं भरल्या होत्या, फडकं आत शिरेना. सातवीला काच मनगटात शिरली, रक्त आलं. तिनं हात मागं घेतला नाही. मी तोंडाकडं बघितलं नाही. सवय नाही म्हणून नाही. धीर झाला नाही.

अकरावी राहिली. ती मी भरलेली.

ती दाबली आणि शालन रडली. आवाज नाही. तोंड उघडं, श्वास अडकलेला, मान मागं गेलेली. आणि त्या शांततेत मला मागून दुसराच आवाज ऐकू आला. खर्र. खर्र खर्र. उंदीर लाकूड कुरतडतो तसा.

तिनंही ऐकला. उठली, तुकड्यांवरनं पाय टाकत गेली आणि लुगड्याचा पडदा सरकवला.

दामू पडद्यामागं स्टुलावर बसला होता. गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, हातात कोळसा. किती वेळ बसला होता देव जाणे. कागद निम्मा काळा झाला होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबलासुद्धा नाही.

"शालू, जरा परत बस," तो म्हणाला. "तसाच हात धर. अगदी थोडं राहिलंय."

मला वाटलं, ही आता त्याच्या तोंडावर थुंकेल. थुंकायला पाहिजे होतं. मी आडवी आले नसते. पण ती परत येऊन पाटावर बसली. रक्ताचा हात मांडीवर ठेवला, पदर बाजूला केला आणि ओलं तोंड सरळ त्याच्याकडं केलं.

"काढ," ती म्हणाली. "पण ह्या बारीला तोंड ओळखू येईल असं काढ. सगळ्यांना कळू दे कोण होती."

दामूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागदाकडं बघितलं.

"तोंड नकोय," तो म्हणाला. "हात पुरेत."

ती उठली. मी घाईघाईनं डब्यातनं एक बांगडी काढली, साधी, हिरवी नव्हे, आणि म्हणाले, "एक तरी घाल गं. मोकळ्या हातानं उठू नको."

"नको."

तिनं माझ्यापुढं वाकून नमस्कार केला. एकदाच. आणि मोकळे हात घेऊन भर गल्लीतनं गेली. पुढं तिची बदली झाली म्हणे गारगोटीकडं कुठंतरी, आईलाही घेऊन गेली. त्यानंतर तो हात माझ्यापुढं आला नाही. आला असता तर ओळखला असता.

मी पाटाभोवतीची काच गोळा करायला लागले. हिरवे तुकडे, त्यात एक-दोन तांबडे. दामू पडद्याबाहेर आला. लहानपणी पतंग कापला की जसा यायचा तसा, फुललेला.

"अक्का, हे बघ. हे बघ जरा."

मी बघितलं. कागदावर चार हात होते. दोन तिचे, दोन माझे. माझ्या हातावरच्या शिरा, अंगठ्यावरचा चुलीवर भाजल्याचा डाग, चिमटीत धरलेलं फडकं, त्यातून डोकावणारी काच. तिचं बोट वर उचललेलं, जणू काहीतरी मागतंय. त्याच कागदावरनं त्यानं नंतर भिंतीएवढं चित्र केलं. पॅरिसहून आल्यावर त्याचं जे नाव झालं ते त्याच चित्रानं. लोक ते बघून रडतात, असं सून सांगते. ती कांचनच. ती स्वतः ते बघायला कधी गेली नाही.

"तुझे हात काय आलेत बघ, अक्का!" दामू म्हणाला. "कुणीही सांगेल, हे अक्कांचे हात."

"आणि माझं तोंड कुठाय?"

"तुझं तोंड लागत नाही ह्यात."

काच उचलता उचलता माझ्याच गालावर काहीतरी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, ओंजळीत तुकडे होते. मी मान वर केली. तो बोलायचा थांबला होता. डोकं जरा कलतं केलं, डोळे बारीक केले, आणि माझ्यावरची नजर न काढता त्याचा हात हळूहळू मागं गेला, स्टुलावर ठेवलेल्या कोळशाकडं.

मी ओंजळ तशीच धरून उभी राहिले.

"दामू," मी म्हणाले, "काल मी खोटं बोलले, त्याचं माझं मी बघीन. वडनेऱ्यांची पोरगी आण. तिला चुडा मी भरीन, सगळं रीतीनं होईल. पण एक आत्ताच ऐकून ठेव. मी मरीन तेव्हा मला तोंड झाकून बाहेर काढायला मी गल्लीला सांगून ठेवणार आहे. खांदा दे. अग्नी दे. पोटचा आहेस, तो तुझा मान मी काढून घेत नाही. पण माझं तोंड तू बघायचं नाहीस."